डावा कोपरा

रात्रीचे साडेदहा. कन्ना चौकाच्या आतल्या बोळात
इरण्णाच्या गाड्यावरचा चहा उकळून उकळून काळा झालाय
आणि वज्रबाहू मंडळ सलग सहावा सामना हरलंय.

चढाईबद्दल कुणाची तक्रार नाही.
श्रीनिवास एकटा चौदा गुण आणतो,
मांडी थोपटतो, फ्लेक्सवर त्याचाच फोटो.
बोलायचं ते पकडीबद्दल.

"साखळी हाय का चिंधी बे ती?"
नागनाथ बोल्ली बशी आपटतो.
"समोरचा येतो, शिवतो, घरी जातो.
पाहुणा बी एवढ्या लवकर उठत नाही."
बागवानचाचा म्हणतात, पोरं हलकी आहेत,
दोन महिने ज्वारीची भाकरी आणि मटण द्या, मग बघा.
कुणी म्हणतं कोच बदला.
कुणी म्हणतं जागा बदला, उजव्याला डावीकडे टाका.
इरण्णा म्हणतो, आधी मागची उधारी.

नागनाथ जॉबर आहे, सगळं मागावर नेऊन ठेवतो.
"धोटा पळतो म्हणून लोक धोटा बघतात.
उभार ढिला असला
तर धोटा पळून काय विणणार, वारा?"
हे मात्र सगळ्यांना पटतं.
क्षणभर कुणी घोटसुद्धा घेत नाही.

समोरच्या उंबऱ्यावर नरसूबाई चिलवेरी,
मांडीवर सूप, हजार विड्यांत दीडशे कमी.
वर न बघता म्हणाली,
"डाव्या कोपऱ्यातलं पोरगं हात सोडत नाही रे.
हात सुटालाय त्याचा.
दोन्हीत फरक हाय."

मी गप्प होतो.
एकोणीस वर्षांपूर्वी तो कोपरा माझा होता.
माझी एक सुटलेली पकड नागनाथला तारखेसह पाठ आहे,
बार्शीचं मैदान, शेवटचं मिनिट, उडालेली धूळसुद्धा.
धरलेल्या किती होत्या
ते मलाही सांगता येणार नाही.

तेवढ्यात अंबादास आला.
पाळी सुटली होती, केसांत सुताचा भुसा,
आणि बोळ असा शांत झाला
की स्टोव्हचा आवाज मोठा वाटला.
त्यानं चहा मागितला. डाव्या हातात घेतला.
कुणाकडे बघितलं नाही.

नागनाथला शांतता सोसत नाही.
"उठा बे," म्हणाला, "करूनच बघू.
कुठं तुटते ते कळू दे."
आणि आम्ही खरोखर उठलो,
पाच जण, मिळून अडीचशेच्या वर वय,
बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
हातात हात घालून उभे.
चाचांनी चप्पल काढून बाजूला ठेवली.
नागनाथनं अंबादासला हाक मारली, "तुझ्या जागेवर ये की."
तो आला. माझ्या शेजारी.

त्याची बोटं हातात आली तेव्हा कळलं.
पेरापेरावर सुतानं कापलेल्या रेघा,
एक चिकटपट्टी घामानं सुटत आलेली.
रात्रभर तुटलेला धागा सांधायचा
आणि संध्याकाळी तीच बोटं चढाईवाल्याच्या घोट्याला.
मी हळूच म्हणालो, "बोटं देऊ नको. मनगट दे."
पण त्यानं आधीच माझं मनगट धरलं होतं.

मग एक रिक्षा आली.
रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला,
आम्हाला बघितलं, दिवा बंद केला, उतरला,
खाकी शर्टाच्या बाह्या दुमडल्या
आणि वाकून, बोळाच्या धुळीला हात लावून,
कबड्डी कबड्डी करत सरळ आमच्यावर आला.

साखळी तुटली.
आमच्या कोपऱ्यात नाही.
मधोमध, नागनाथ आणि बागवानचाचा यांच्यामध्ये,
तिथून तो गेला, इरण्णाच्या गाड्याला शिवला, परत आला,
रिक्षात बसला.
"शिवलो बरं का," एवढंच म्हणाला.

पुन्हा वाद पेटला:
चाचांचा हात ढिला, का नागनाथचा पाय मागे.
नरसूबाई हसता हसता मोजणी चुकली,
पहिल्यापासून मोजायला लागली.
रिक्षाला वाट द्यायची होती,
सगळे बाजूला झाले.
अंबादास अजून माझं मनगट धरून उभा होता.